पाहुण्याला कळावं म्हणून

टोकियोत आमच्या कोतोमधल्या इमारतीत खालच्या मजल्यावर इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या एक बाई राहायच्या. नवरा जपानी, त्या वेल्सच्या. माझी मुलगी त्यांच्याकडे जायची. मी त्यांना सरळ इंग्रज धरून चालले होते आणि एकदा चहा घेताना तसं बोलूनही गेले, तेव्हा त्यांचा चेहराच उतरला.

"आम्ही इंग्रज नाही," त्या म्हणाल्या. "आमची भाषा वेगळी आहे. माझे वडील तिच्यासाठी तुरुंगात जाऊन आलेत."

भाषेसाठी तुरुंग? आणि तोही इंग्लंडच्या शेजारी? वडील आधी शाळामास्तर. गावच्या रस्त्यांवर नुसत्या इंग्रजी पाट्या होत्या, त्या मित्रांबरोबर जाऊन उपटल्या, म्हणून आत गेले. सुटल्यावर निवडणुकीला उभे राहिले, पुढे पार्लमेंटात पोचले. उभ्या आयुष्यात एकच हट्ट धरला : शाळेत, कोर्टात, पोस्टात आमची भाषा चालली पाहिजे. आता त्यांच्याकडच्या सभेत कुणाला भाषा कळत नसेल तर त्याच्या कानाला दुभाष्याचा हेडफोन लावतात. सभेची भाषा बदलत नाहीत. मला हे ऐकूनच कसंतरी झालं, कारण माझ्या घरात बरोबर उलटा कारभार चालला होता.

नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. आता ती जपानी शाळेत दुसरीत. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली, ढिम्म फरक नाही. सांगलीहून माझी आई रविवारी फोन करायची. नातीला अवघड जाऊ नये म्हणून बिचारी "हाऊ आर यू, बेटा" पासून सुरू करायची. ही "फाइन" म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. आईला हृदयाचं दुखणं, त्यात नातीशी बोलायला तोंडात शब्द नाही. शेवटी एकदा म्हणाली, "राहू दे गं, तिला कशाला छळायचं. मी तुझ्याशीच बोलेन." नंतर तिचे रविवारचे फोनच थांबले. मीच करायचे, पण ती नातीला बोलव म्हणायची नाही. हे मला फार लागलं होतं.

त्या वसंतात बाईंचे वडील लेकीकडे आले. आमच्या इथल्या मराठी मंडळाचा पाडवा तोंडावर आला होता आणि विषय होता 'परदेशात मराठी कशी टिकवायची'. मी म्हटलं, याहून चांगला पाहुणा कुठून मिळणार. बोलावलं.

वॉर्डाच्या हॉलमध्ये गुढी उभारली, श्रीखंडाचे डबे आले, आणि आमच्या सेक्रेटरीणबाईंनी माइक हातात घेऊन इंग्रजीत जाहीर केलं की आज पाहुणे आहेत, तेव्हा सगळा कार्यक्रम इंग्रजीत होईल. मराठी श्लोकांना ऐनवेळी कात्री. माझ्या लेकीने कसंबसं पाठ केलेलं मराठी स्वागतही इंग्रजीत करायला लावलं. मराठी टिकवण्यावर तीन जण इंग्रजीत बोलले, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आपलं हे असंच. खोलीत एक परका माणूस आला की आपण सगळे टुणकन उडी मारून त्याच्या भाषेत.

मग म्हातारबाबा उठले. उंच, थोडे वाकलेले, कोट जुना. त्यांनी तोंड उघडलं आणि भलतीच भाषा बाहेर पडली. इंग्रजीचा एक शब्द नाही. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीने काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. ती लाजून आम्हाला म्हणाली, "बाबा म्हणतात, इंग्रजी सोडून कशातही भाषांतर कर." मग ती त्यांचं बोलणं चक्क जपानीत सांगायला लागली.

पुढे सतरंजीवर बसलेली पोरं खुदुखुदू हसत होती, माना डोलावत होती. मागे खुर्च्यांवर आम्ही आया मठ्ठासारख्या बसलेलो. माझं जपानी भाजी घेण्यापुरतं आणि कचरा वेगळा करण्यापुरतं. एवढ्यात माझी लेक सतरंजीवरून उठली, माझ्या मांडीला टेकून उभी राहिली आणि माझ्या कानात बोलायला लागली. मराठीत.

"आजोबा म्हणतात, तुम्ही माझ्यासाठी तुमची भाषा बंद केली. मला वाईट वाटलं. मी पाहुणा आहे, मला नाही कळलं तर चालतं. माझ्या शेजारी एक माणूस बसवा, तो मला सांगेल. पण तुम्ही बदलू नका. रोज थोडं थोडं बदललं की मग एक दिवस घरात पण सगळे पाहुणेच होतात."

शब्द अडखळत येत होते, पण सगळे येत होते. पोरीला सगळं येत होतं. मग इतकी वर्षं?

घरी जाताना स्टेशनवर मी तिला विचारलंच. रागाने नाही. "तुला एवढं मराठी येतं, मग माझ्याशी का बोलत नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मलाच काही कळत नाही अशा नजरेने. "तुला जपानी येत नाही ना," ती म्हणाली. "डॉक्टरकडे तुला काही सांगता येईना, तू रडलीस. म्हणून मी तुझ्याशी जपानीत बोलते. तुला सवय व्हायला पाहिजे."

गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, निघून गेली. मी तिथेच बाकावर बसून राहिले. माझ्या पोरीने माझी सोय बघितली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सांगलीला फोन लावला आणि काही न सांगता लेकीच्या हातात दिला. आईचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता, तेच घाबरत घाबरत "हाऊ आर यू, बेटा."

"आजी," माझी लेक म्हणाली, "तू मराठीत बोल. मला येतं."

मग माझी आई तिला रागवायला लागली, इतके दिवस का नाही बोललीस म्हणून, चांगली खणखणीत सांगलीच्या मराठीत.