पाच तासांचं स्टूल

पहिल्याच व्हिडिओत काकांनी काय करावं? घसा खाकरला, चष्मा पुसला, "नमस्कार, बरे आहात ना सगळे?" असं विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबले. अहो, खरंच थांबले! समोर स्टँडवर मोबाइल, मोबाइलच्या मागे ओठ दाबून हसू आवरणारी सून, आणि हे आपले मान कलती करून ऐकताहेत. मग वेताचं झाड नसतं, वेल असते, हे सांगून झालं. ज्या मामाकडून खुर्च्या विणायला शिकले त्या मामाचा स्वभाव सांगून झाला. मामीचाही झाला. वेताची पहिली पट्टी हातात येईपर्यंत साडेसहा मिनिटं उलटली होती.

तो व्हिडिओ चारशे बारा जणांनी उघडला. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याचा आलेख दाखवला. डावीकडे उंच टोक आणि तिथून सरळ खाली आलेली रेघ.

"ही काय घसरगुंडी आहे?" काकांनी विचारलं.

"हे तुमचे प्रेक्षक, बाबा. दहाव्या सेकंदाला एकोणचाळीस उरले. तुम्ही पट्टी उचललीत तेव्हा चार."

"आणि बाकीचे?"

"गेले."

"पण गेले कुठे?"

आता यावर ती बिचारी काय सांगणार? तिची नोकरीच मुळी ही. एका ऑफिसात बसून दुसऱ्यांचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे आणि बघणाऱ्याचं बोट पुढे सरकू द्यायचं नाही. पळालेली माणसं कुठे जातात हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

काका मात्र दिवसभर त्या गेलेल्यांच्याच विचारात. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. मागच्या खिडकीतून येणारं ऊन पट्ट्या भिजवायच्या टबात पडायचं आणि पाण्याची जाळी छतावर हलत राहायची. त्या जाळीकडे बघता बघता काकांची तंद्री लागे. त्यांना दिसे, की दार भरून माणसं आत आली आहेत, कोणी भिंतीला टेकलंय, कोणी बैठक नसलेल्या खुर्चीच्या चौकटीवर कसंबसं टेकलंय, सगळ्यांचे डोळे आपल्यावर. आपण घसा खाकरतो आणि सगळे एकदम चपला शोधायला लागतात. कोणी 'येतो' असंसुद्धा म्हणत नाही.

"अहो, चहा!" मागच्या दारातून काकू ओरडायच्या. "निवला की मग मला बोलू नका."

काका दचकून चहाकडे वळायचे. माणूस असाच होता, अर्धा इथे आणि अर्धा कुठेतरी. काकू म्हणायच्या, लग्नात हार माझ्या गळ्यात घातला म्हणून, नाहीतर नजर खुर्च्यांवरच होती. पण हात हातात घेऊन बघावे असे. साठ वर्षं जुन्या खुर्चीची फाटकी बैठक काढून हा माणूस नवी विणायचा, ती अशी, की मूळची कुठली आणि नवी कुठली हे खुर्चीच्या मालकालाही कळू नये. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, मग एक तिरपी फेरी या अंगाने आणि एक त्या अंगाने. एवढं झालं की मधे आठ कोनांची भोकं आपोआप उमलतात. मामाने हे शिकवलं ते तोंडातून शब्द न काढता. चुकलं की टोच्याची मूठ टाळक्यात. त्या मुठीपुढे कोणाचं लक्ष उडेल? बिशाद आहे!

आणि आता गावात ही विद्या येणारे काका एकटे उरले होते. मुलाने दुसरा रस्ता धरला, त्याचंही चूक नाही. दोघे जण हौसेने शिकायला आले, पण नव्याचे नऊ दिवस. त्यात गेल्या वर्षापासून काकांच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, सहा महिने, फार तर वर्ष, मग बारीक काम जमायचं नाही. काकांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "हात जाऊदेत, पण हातातलं कोणाला तरी देऊन जाऊदेत." कॅमेरा लावायची कल्पना मग सुनेने काढली.

तर घसरगुंडीनंतर सुनेने सूत्रं आपल्या हातात घेतली. "बाबा, तीन सेकंद. तेवढ्यात माणूस अडकला तर अडकला. नमस्कार नको, मामा नको, मामी तर नकोच."

"तीन सेकंदांत मी पट्टीची गाठसुद्धा सोडत नाही!"

"म्हणूनच आधी फाडायचं."

आणि खरंच, पुढच्या व्हिडिओची सुरुवात झाली ती फाटक्या बैठकीत खुपसलेल्या सुरीने. खर्रर्र! जुनी जाळी उसवत गेली, मागून काकांचा आवाज, "या खुर्चीत काय लपलं होतं, बघा." काही लपलेलं नव्हतं हो, धूळ आणि एक बटण. पण लगेच विणून तयार झालेली बैठक दिसायची, मग सगळं मागे जाऊन पळत्या हातांनी विणकाम सुरू. काकांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आधी कळस मग पाया!" मधली त्यांची थांबणी, श्वास, 'हं', 'थांब जरा', सगळं सुनेने वेचून फेकलं होतं. पाच तासांचं काम पन्नास सेकंदांत. हात असे फिरत होते, जणू काकांच्या मागे कुत्रं लागलंय.

बघणारे चाळीस हजार!

काका हुरळले, कशाला खोटं बोला. कोण हुरळणार नाही? पेठेत लोक ओळख द्यायला लागले. पुढे तर त्यांना या खेळाची अशी गोडी लागली की घरातसुद्धा तोंडातून तसंच निघायचं. "झाकण उघडण्याआधी ही एक गोष्ट ऐक," असं म्हणून ते काकूंना स्वयंपाकघरात गाठायचे. काकू म्हणायच्या, "ती एक गोष्ट म्हणजे तुम्ही आधी हात धुवा." सून हसून हसून खाली बसायची. दोन महिने घर कसं भरल्यासारखं होतं.

पण एका दुपारी काकांनी सुनेला सगळे अभिप्राय वाचून दाखवायला लावले. ती वाचत गेली. छान. मस्त. बघता बघता झोप लागली. डोळ्यांना थंडावा मिळाला. माझ्या आजीकडे अशी खुर्ची होती. अजून फाडा ना!

"शिकलं का कोणी?" काकांनी विचारलं.

सुनेने मोबाइल खाली ठेवला. "यातून कसं शिकतील, बाबा?"

तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि त्यांनाही होतं, फक्त चाळीस हजारांच्या गलक्यात दोघांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. काकांना फार वाईट वाटलं. त्या दुपारी टबाजवळ बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि स्वप्नात पुन्हा तीच माणसं आली, यावेळी रांगेने, न थांबता, एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. प्रत्येक जण जाताना म्हणत होता, वा. काका एकेकाच्या बाहीला धरायला जात होते आणि बोटांना बाही लागत नव्हती.

उठल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, एक स्टूल सबंध विणतो. कापायचं नाही, पळवायचं नाही. मी शिंकलो तर शिंकही राहू दे."

"पाच तास? बाबा, कोण बघणार?"

"ज्याला शिकायचंय तो."

"असा कोणी नसला तर?"

काकांनी पट्ट्या भिजत घातल्या.

तो व्हिडिओ असा झाला, की सुनेच्या ऑफिसात दाखवला असता तर तिला घरी बसवलं असतं. खिडकीतलं ऊन टबातून सरकत सरकत स्टुलाच्या पायापर्यंत येतं, हे त्यात अख्खं दिसतं. काका विणताहेत, मधेच गुणगुणताहेत, चहा येतोय, गार होतोय, काकूंचा बोलण्याचा आवाज येतोय. मामा आले. मामीही आल्या. सुनेने कुठेही कात्री लावली नाही. आठवड्याने तिने आलेख उघडला. रेघ पडली ती पडलीच, पण अगदी तळाशी, शेवटच्या मिनिटापर्यंत, केसाएवढी शिल्लक होती.

"ही म्हणजे किती माणसं?"

"एखादं असेल. नाहीतर कोणाचा तरी मोबाइल चालू राहिला असेल झोपेत." असं बोलल्याचं तिचं तिलाच नंतर लागलं.

"झोपू दे हो," काका म्हणाले. "दमलेलं असेल."

त्यानंतर त्यांनी व्हिडिओचं नाव काढलं नाही. पाच महिने गेले. बोटं आता गरम कपसुद्धा ओळखेनात. विणायला आलेल्या खुर्च्या परत पाठवायची वेळ आली, तेव्हा ते काम काकूंनी केलं, कारण काका दार उघडायलाच उठेनात.

आणि मग एका दुपारी सून ऑफिसातून अर्ध्या दिवसातच परत आली, चपलांसकट थेट दुकानात. कुठल्याशा लांबच्या गावच्या बस चालवणाऱ्या बाईंनी फोटो पाठवला होता. सोबत दोनच ओळी. 'रोज फेऱ्यांच्या मधे वीस-वीस मिनिटं बघून विणलं. पट्ट्या तीनदा तुटल्या. बरं झालंय का, सांगाल?'

काकांनी फोटो मोठा केला. चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाशी आणला. उभ्या ठीक, आडव्या ठीक, ताण बरा. मग भुवया आक्रसल्या.

"हे काय केलंय बाईने! उजव्या कोपऱ्याजवळ बघ. तिरपी पट्टी वरून जायची ती सलग दोन घरं खालून गेलीय. भोकंच मिटली. इतकं छान आणलं आणि इथे माती खाल्ली! कोणी शिकवलं हिला असं?"

सुनेने पाच तासांचा व्हिडिओ काढला, शेवटच्या फेरीपाशी आणला आणि दोघं बघायला लागले. पडद्यावर काकांची मान हळूहळू छातीवर येते. टबातलं पाणी छतावर हलतंय. काका चांगली चार मिनिटं झोपतात, मग जागे होतात, काहीच घडलं नाही अशा थाटात पट्टी उचलतात आणि उजव्या कोपऱ्याजवळ सलग दोन घरं खालून नेतात.

काका बघतच राहिले. पन्नास वर्षांत अशी चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. आणि ती चूक आता दूर कुठेतरी, एका अनोळखी बाईच्या स्टुलावर, जशीच्या तशी, त्याच दोन घरांत विणलेली होती.

"ती थांबली गं," ते म्हणाले. "मी झोपलो तरी ती उठून गेली नाही."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, काय झालं म्हणून विचारत. काकांनी त्यांना हाताने थोपवलं आणि कोपऱ्यातलं ते व्हिडिओतलं स्टूल ओढून पुढ्यात घेतलं.

"सूनबाई, लाव तो मोबाइल. तिच्या हाताला हीच सवय लागायच्या आत सांगायला हवं. मी ही फेरी उसवतो आणि पुन्हा विणतो, बोटं नाही चालली तर तू धर."

सुनेने मोबाइल लावला. काकांनी टोचा उचलला, आणि त्या एकटीकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. चुकलोय मी."