माझ्या हाती अक्षता आल्या नाहीत

अक्षतांचे ताट माझ्यापुढून निघून गेले. मी हात पुढे केला होता. ताट धरणाऱ्या पुतण्याने माझ्याकडे न पाहता शेजारच्यांच्या हातावर तांदूळ टाकले आणि तो पुढे सरकला. माझा हात तसाच राहिला. रिकामा.

लातूरचे मंगल कार्यालय माणसांनी भरले होते. लग्न माझ्या पुतणीचे. तिला मांडीवर घेऊन पहिला श्लोक मी शिकवला. तिची मंगलाष्टके मी रचली. ती आता दुसराच कोणी माइकवर म्हणत होता.

पुतण्याला हाक मारली. तो कुजबुजला, "काका, मला नका बोलू. अण्णांनी सांगितलंय."

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, नवरीचे वडील. डाळमिलचे मालक, देवस्थानचे अध्यक्ष. मी नांदेडला संस्कृत शिकवून निवृत्त झालेला मास्तर. अण्णा स्वतःच आले. खांद्यावर हात ठेवून हसत बोलले, म्हणजे लोकांना वाटावे, भाऊ भावाची विचारपूस करतो आहे.

"चर्चात जाऊन आलास म्हणं. पोरीचं पोरीशी लगीन लावून. लई पुण्य केलंस."

अण्णा आणखी जवळ सरकले.

"व्याह्यांच्या कानावर गेलंय. त्यांच्यापुढं एवढंच म्हण, मी गेलो नव्हतो. मग घे अक्षता. ओंजळभर घे."

गेलो होतो. माझी वसुधा परदेशात डॉक्टर आहे. रेचल ज्या चर्चमध्ये प्रार्थनेला जाते, तिथे त्या दोघींचा विवाह झाला. माझी पत्नी हयात नाही. मुलीच्या बाजूने मी एकटाच. दाराशी मी जोडे काढले. तिथे कोणी काढत नाही, हे आत गेल्यावर कळले. साक्षीला अग्नी हवा, असे मी जन्मभर सांगत आलो. तिथे एक मेणबत्ती होती. तोही अग्नीच.

धर्मगुरू बाईंनी सर्वांना विचारले, या दोघींच्या पाठीशी उभे राहाल का? मी मनाशी 'तथास्तु' घोकून ठेवले होते. पण वसुधाने वळून पाहिले. रेचलने तिचा हात घट्ट धरला होता. वसुधा तापाने फणफणली की तिची आई असाच धरायची. माझ्या तोंडून निघाले, "हाव." ज्या शब्दासाठी मी वर्गात मुलांना 'हो म्हणा' असे टोकत आलो, तोच. वसुधा रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी संध्येला बसलो. देव होता तिथेच होता.

इथे मात्र अण्णांचा हात खांद्यावर जड होत गेला. अंतरपाटाआडून पुतणीची नजर मला शोधत होती. एक 'नाही' म्हटले की मूठभर तांदूळ माझे होते. जन्मात कधी अण्णांपुढे मान वर केली नव्हती.

"हाव," मी म्हणालो. "गेलतो. पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन."

अण्णांचे हसू हलले नाही. "मग मागल्या दारानं नीघ. जेवायला थांबू नको."

'सावधान' झाले. सगळ्यांचे हात वर उडाले. माझ्या हातांचे काय करावे, मला कळेना.

मागल्या दाराने गेलो नाही. वऱ्हाडाच्या मधून, पुढच्या दाराने बाहेर पडलो. कोणी थांबवले नाही. कोणी ओळखही दिली नाही.

दिवाळीत वसुधा आणि रेचल नांदेडला येतील. अण्णांची भीती मला अजून वाटते. पण ज्या मांडवात त्या दोघींच्या हाती अक्षता पडणार नाहीत, तिथे मी माझा हात पुढे करणार नाही.