श्रावणातली गोळी

आई गेली त्याच महिन्यात तिच्या मांजराला लस टोचली होती. एवढ्यावर बाबांनी सगळा खटला उभा केला. आईच्या मांडीवर झोपणारं मांजर पुढे दारामागे दबा धरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्या फोडू लागलं, तेव्हा बाबांचा निकाल तयारच होता. "सुई लागली अन् जनावर बिघडलं."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे मी त्यांना नाना परीने सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरांनीही सांगितलं. लसीनंतर एकदोन दिवस मलूल राहील, टोचल्या जागी थोडी सूज येईल, पण महिनोन्महिने माणसं चावत सुटणार नाही. जिच्या अंगाखांद्यावर ते वाढलं ती घरात दिसत नाही, त्याचा विचार करा, म्हणाले. राग उतरायला त्यांनी रोजची एक गोळी दिली आणि ती मध्येच बंद करायची नाही असं बजावलं. मांजराला गोळी द्यायला बाबा तयार झाले. लस मात्र पुढच्या वर्षी टोचूच दिली नाही. उभा जन्म खापरखेड्याच्या वीज केंद्रात यंत्रांवरचे काटे वाचण्यात गेला, पण घरात त्यांचा स्वतःचाच काटा चालतो.

माझा भाऊ पहिल्यापासून एकच म्हणायचा, "कळमन्याच्या बाजारात सोडून देऊ त्याले. धान्याची पोती हायेत, उंदरं हायेत, मजेत राहीन." बाबा मांजराची ताटली भरायला उठायचे. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून आईने वाढवलेलं ते मांजर म्हणजे त्यांच्या लेखी घरात उरलेली आईच होती. मलाही ते जायला नको होतं. म्हणून माझी सगळी भिस्त त्या गोळीवर.

गोळी कुटून उकडलेल्या अंड्याच्या बलकात कालवली की मांजर ताटली चाटूनपुसून लख्ख करायचं. हळूहळू फरक पडला. ते बाबांच्या पायाशी येऊन झोपू लागलं. रविवारी मी दार ढकललं की बाबा ओठांवर बोट ठेवून मला गप्प करायचे. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

मग श्रावण लागला. आईच्या घरात श्रावणात अंड्याचं टरफलसुद्धा येत नसे. तेव्हा बाबा चौकातल्या गाडीवर ऑम्लेट खाऊन, चूळ भरून, साळसूदपणे घरात शिरायचे. ती असताना पळवाटा शोधणाऱ्या माणसाने ती गेल्यावर मात्र नेम काटेकोर पाळला. अंडं बंद झालं आणि गोळी दूधभातात गेली. मांजर वरचं दूध प्यायचं, कडू भात तसाच ठेवायचं, आणि बाबा तो मोरीत टाकून ताटली धुवायचे.

"गोळी देऊन राहिले ना?" मी फोनवर विचारायची.

"देऊन राहिलो," ते म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

श्रावणातच एक दिवस आईची शाल धुवायला काढावी म्हणून ते वाकले. मांजर त्या शालीवर झोपलं होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात दात हाडापर्यंत गेले. साखरेचा आजार असलेल्या या माणसाने जखमेत हळद भरली, वर चिंधी बांधली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाऊ पोतं घेऊन आला असता. रविवारी मी गेले तेव्हा बोट काळं पडलं होतं.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, मांजराला लस दिली आहे का? बाबा पंख्याकडे बघत राहिले. यंदाची राहिली, असं मीच सांगितलं. मग त्यांनाच सुया टोचाव्या लागल्या. मांजरावर नजर ठेवायला सांगितलं. बोट काही वाचलं नाही.

भाऊ खरंच पोतं घेऊन आला. मी दवाखान्यातल्या खाटेजवळ वाकून विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "नोको सोडू वं. तुया आईले काय सांगू मी?" मला त्यांचा राग आला आणि तितकीच कीवही आली. त्याच संध्याकाळी, भर श्रावणात, आईच्या गॅसवर मी अंडं उकडलं.

मांजराला काही झालं नव्हतं. पुढे त्याला लसही दिली, बाबांनी आडकाठी केली नाही. आता अंडं बाबाच उकडतात, सणवार न बघता, आणि ताटली काठीने पुढे सरकवतात. मांजर शांत आहे. पायाशी यायला बघतं, तर बाबा पाय वर, खुर्चीत घेतात. ज्याच्यासाठी बोट गेलं त्याला हात लावायची त्यांची छाती होत नाही.

रविवारी मी दार ढकलते तेव्हा मांजर आईच्या शालीवर झोपलेलं असतं आणि बाबा लांबच्या खुर्चीत, पाय वर घेऊन बसलेले. गप्प बस, अशी खूण मला अजून करतात. डाव्या हाताने.