उन्हाची रेघ

वेधशाळेत ऊन मोजायला काचेच्या गोळ्यामागे मी रोज एक कार्ड सरकवतो. गोळ्यातून एकवटलेलं ऊन दिवसभर त्यावर जळकी रेघ ओढत जातं. नोकरीला लागलो तेव्हा ती कार्डाच्या आरपार जायची. काल आकाशात ढगाचं नाव नव्हतं, तरी कार्डावर चहा सांडल्यासारखा फिकट डाग. साहेबांनी ते बोटांत चोळून पाहिलं. "हल्ली कागदच भिकार येतो हो," ते म्हणाले. "पत्र लिहा, बदलून मागवा." खिडकीबाहेर शहरावर धुराची मळकी गोधडी पसरली होती. ऊन आपणच झाकलं हे कबूल करण्यापेक्षा कागदाला शिव्या घालणं सोपं, आणि त्यात आम्ही सगळेच पटाईत. पत्र मीच लिहिलं. दिसेना म्हणून साहेबांनी भर दुपारी दिवा लावला आणि सही केली.