जात्यावरची बाई

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही, पण सांगतोय.

आधी माझा विजय ऐका. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं बोलायचंच ठरवलंय तर हेही ऐका — तो सांगताना अजूनही माझी छाती फुगते.

नव्वदीच्या मधली वर्षं. बडोद्यात आम्हा नाणेवेड्यांचं एक मंडळ होतं. होन-मोहरा जमवणारे निराळे; आम्ही सरकारने काही ना काही निमित्ताने काढलेल्या नव्या नाण्यांचे भक्त. वर्षातून एकदा प्रत्येकाने आपलं लाडकं नाणं मांडायचं, त्यावरचं चित्र कुठून आलं ते सांगायचं, मग हात वर करून मतं. दरसाल जिंकायचे कनुभाई. त्यांचं नाणं वाघ आणि ताडाच्या झाडाचं. कंपनी सरकारच्या जुन्या मोहरेवर सिंह होता. ताड तोच ठेवून आपण सिंहाचा वाघ केला — हे ते असं रंगवायचे की टाळी पडलीच पाहिजे.

माझं नाणं ग्रामीण स्त्रियांवरचं. जात्याशी बसून दळणारी बाई. एवढंसं नाणं, पण तिचं बसणं बघा — खुंट्यावरचा हात, वाकलेली पाठ, सगळं एका ओघात. मी म्हणायचो, ही रेषा थेट अजिंठ्याच्या भिंतींवरून आलीय. कनुभाई गोड हसून विचारायचे, "ए तो ठीक, पण पुरावो शुं?" पुरावा कुठला देणार? मी हरायचो.

त्या वर्षी त्यांनी पुन्हा 'पुरावो' म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं — पुरावा माझ्या घरी आहे. ती बाई म्हणजे माझी आई.

मग काय, गाडी सुटलीच. दांडिया बाजारात आमच्या वरच्या खोलीत कॉलेजची मुलं भाड्याने राहत, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातला एक चित्रकलेचा विद्यार्थी, त्याने आईला दळताना पाहिलं, चित्र काढलं, ते त्याच्या सरांकडून टांकसाळीपर्यंत पोचलं... असा मुलगा आमच्याकडे कधी नव्हताच. पण कोणी शंका घेतली? छे! जगात जे काही चांगलं त्याचं मूळ बडोद्यात, ही आम्हा बडोदेकरांची श्रद्धा. तिला पुरावा लागत नाही. पहिला हात कनुभाईंनीच वर केला. डोळे पुसत म्हणाले, "सुधीरभाई, आटला वरस बोल्या केम नहीं?" — इतकी वर्षं बोलला का नाहीत, म्हणे. पुढच्या रविवारी आईचा सत्कार करायचा ठरलं. घरी परतताना मी स्कूटरवर मोठमोठ्याने गात होतो.

आता इथे — इथे जरा अडखळतो मी.

माझ्या आईची स्मरणशक्ती म्हणजे गल्लीतला दबदबा. कोणाची मुंज कधी झाली, कोणाची मुलगी कुठे दिली, लोक तिला विचारायला येत. भाडेकरूंपैकी कोण कुठल्या गावचा, कोणाला कांदा चालत नसे, सगळं पाठ. सत्काराचं कळल्यावर ती म्हणाली, "असा मुलगा आपल्याकडे नव्हता रे."

तेव्हा थांबता आलं असतं. नाही का? हसून म्हणायचं, आई, थाप मारली ग, सांभाळून घे. तिने घेतलंही असतं. पण तिच्यासमोर खोटा पडायला मी तयार नव्हतो. मी म्हणालो, "होता. तू विसरलीस. वय झालं तुझं."

आठवडाभर हेच म्हणत राहिलो. कधी प्रेमाने, कधी वैतागून. ती आठवायला बसायची. बोटांवर एकेक भाडेकरू मोजायची, चुकल्यासारखी परत पहिल्यापासून मोजायची. शेवटी म्हणाली, "असेल बाबा."

सत्कार मात्र काय झाला म्हणता! समा भागातल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इरकली नेसून आई व्यासपीठावर, शाल, श्रीफळ, बायका पाया पडतायत, पोरं सही मागतायत. माईकवरून ती म्हणाली, सडपातळ होता मुलगा, कानामागे पेन्सिल असायची. हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात जोरात मी वाजवत होतो.

त्यानंतर कोणी काही विचारायला आलं की ती म्हणू लागली, सुधीरला विचारा, माझं काही खरं नाही. एकदा मलाच म्हणाली, "आणखी काय काय विसरले असेन रे मी?" एका वाक्यात मी तिला तिची स्मृती परत देऊ शकत होतो. पण मग दिवाणखान्यात लावलेला सत्काराचा फोटो उतरवावा लागला असता, कनुभाईंना तोंड दाखवावं लागलं असतं. मी चहा मागितला.

ती जाण्याच्या वर्षी मावशी आली होती. दोघी बहिणी जुनं काढून बसल्या. बोलता बोलता मावशीने विचारलं, भावोजी शेवटी काय बोलले होते ग तुझ्याशी? वडील गेले तेव्हा खोलीत एकटी आई होती. तिने बोलायला तोंड उघडलं. मग थांबली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणाले होते रे? तूच सांग."

मी तिला काहीतरी सांगितलं. तिने मान डोलावली.