झटका न देणारी वीज

येलदरीला धरणाचं काम चालू झालं तेव्हा मी तिथल्या वायरलेसवर ऑपरेटर होतो. जुन्या लष्करी सेटातला संदेश धाडणारा काचेचा व्हॉल्व्ह चांगला तांब्याएवढा होता. त्याची वीज सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलत एरियलच्या तारेत जायची.

एका दुपारी बायको डबा घेऊन आली. माझा संदेश चालू होता. वाटेत लोंबणारी एरियलची तार तिनं बोटानं बाजूला सारली. झटका बसला नाही.

"अवो, कायतरी जळायलंय," ती म्हणाली.

मी वळलो. तिच्या बोटाला पांढरं भोक पडलं होतं. वास तिच्याच कातडीचा होता. मी बटण बंद केलं.

जखम दोन महिन्यांनी भरली. अशी वीज झटका न देता आतून भाजते, हे मला ठाऊक होतं. तिला मात्र मी कधीच सांगितलं नव्हतं.