बंद पडलेल्या ॲपपलीकडची बहीण

यांगझोम गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायची. सात वर्षांची असताना बापाच्या पाठीवर बसून ती इकडे आली आणि थोरली बहीण डोल्कर तिबेटातच राहिली. म्हातारपणी एका चिनी ॲपने दोघींची गाठ घालून दिली. आपलं बोलणं चिनी सरकार ऐकतं, हे दोघींना ठाऊक होतं, म्हणून त्या फक्त गुडघ्यांचं आणि लोण्याचं बोलत.

२०२० साली भारत सरकारने त्या ॲपवर बंदी घातली.

"लोकांची माहिती चीनला जाते म्हणे," सून म्हणाली.

"माझे गुडघे दुखतात हे चीनला कळलं, तर कुणाचं काय बिघडलं गं?"

महिनाभर डोल्करचा आवाज आला नाही. मग यांगझोमच्या स्वित्झर्लंडमधल्या लेकीने शक्कल लढवली. तिथे ते ॲप चालू होतं. तिने एका फोनवर मावशीला लावलं, दुसऱ्यावर आईला, आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले.

"कुठे होतीस इतके दिवस?" डोल्कर कडाडली. "गेलीस समजून मी मठात दिवेसुद्धा लावले!"

बंदीचं यांगझोमच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ऐकणारे तिकडे होतेच.

"फोन बिघडला होता, ताई," ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी, लेकीला सुट्टी असली की, दोघी अशाच बोलतात.